बालहृदयाची शस्त्रक्रिया आणि तिच्या निकालाची पारख

पाटण तालुक्यातील एखाद्या वाडीवर अंगणवाडीच्या तपासणीस आलेल्या पथकातील डॉक्टरांनी बाळाच्या छातीला नळी लावून, ‘ठोक्याबरोबर आवाज येतो, साताऱ्यास नेऊन टूडी इको करून घ्यावा’ असा शेरा कार्डावर लिहून दिला, की त्या घरात जे प्रश्न उभे राहतात त्यांचा क्रम बहुधा ठरलेला असतो : मुलाला पुढे न्यावयाचे ते कराडला, पुण्याला की मुंबईला, खर्च किती येईल आणि तो सरकारी योजनेत बसेल काय, आणि मुंबईस माथाडीत असलेल्या भावाच्या किंवा मेहुण्याच्या खोलीवर किती दिवस निभाव लागेल. हे तिन्ही प्रश्न रास्त आहेत आणि गरिबाच्या संसारात ते टाळताही येत नाहीत. परंतु त्यांच्या बरोबरीने जो चौथा प्रश्न विचारावयास हवा तो सहसा कोणाच्या तोंडी येत नाही, आणि तो असा, की ज्या रुग्णालयाच्या हाती आपण हे मूल सोपविणार तेथे अशाच मुलांवर आजवर ज्या शस्त्रक्रिया झाल्या त्यांचा निकाल काय लागला.

न विचारण्याची कारणे उघड आहेत. डॉक्टरांकडे हिशेब मागणे आपल्याकडे उद्धटपणाचे समजले जाते. शुभकार्याच्या तोंडावर मृत्यूची गोष्ट काढू नये ही भावनाही मनात असते. आणि एखाद्याने धीर करून विचारलेच, तर ‘आमचे यश नव्याण्णव टक्के आहे’ हे एकच वाक्य ऐकून तो समाधानाने परततो. वस्तुतः त्या नव्याण्णवांत तथ्य किती हे ठरविण्यास तीन तपशील लागतात : ही टक्केवारी कोणत्या मुलांची, एकूण किती मुलांची, आणि शस्त्रक्रियेनंतरच्या कितव्या दिवसापर्यंतची. हे तीन तपशील सोडून दिलेल्या टक्केवारीस जाहिरातीपलीकडे किंमत नाही. ते मागावेत कसे आणि मिळाल्यावर त्यांचा अर्थ लावावा कसा, हे सामान्य पालकाला कळेल अशा रीतीने मांडणे हा या लेखाचा उद्देश आहे.

दोष आणि वेळ

दर हजार जिवंत जन्मांमागे सुमारे आठ ते नऊ बाळे हृदयात काही ना काही दोष घेऊन येतात. भारतात अशा बाळांची संख्या वर्षाकाठी दोन लाखांच्या वर जाते असा तज्ज्ञांचा अंदाज असून, त्यांतील सुमारे पाचव्या हिश्शाला पहिल्या वर्षातच शस्त्रक्रियेची वा तत्सम उपचाराची गरज असते. लोकांच्या बोलण्यात ‘हृदयाला भोक आहे’ एवढ्याने ज्यांचा उल्लेख होतो ते दोष परस्परांहून फार भिन्न असतात. दोन कर्णिकांमधील पडद्यास छिद्र असेल, तर मूल दोन-चार वर्षांचे होईपर्यंत थांबण्यास बहुधा हरकत नसते. दोन जवनिकांमधील छिद्र मोठे असेल, तर फुप्फुसांकडे जादा रक्त लोटले जाऊन तेथील रक्तवाहिन्या कायमच्या कठीण होऊ लागतात, म्हणून ते पहिल्या काही महिन्यांतच बंद करावे लागते. फॅलोच्या चतुर्दोषात बाळ निळे पडते आणि त्याची दुरुस्ती बहुधा पहिल्या वर्षाच्या आसपास करतात. आणि महारोहिणी व फुप्फुसरोहिणी यांची उगमस्थानेच अदलाबदल झालेली असतील, तर त्या साध्या प्रकारात अदलाबदल दुरुस्त करण्याची शस्त्रक्रिया जन्मानंतरच्या पहिल्या तीन-चार आठवड्यांतच व्हावी लागते. ही शस्त्रक्रिया १९७५ साली ब्राझीलमध्ये झातेने यांनी प्रथम यशस्वी करून दाखविली. त्यापूर्वी अशा बाळांसाठी एवढा सरळ इलाज उपलब्ध नव्हता.

मुलांची अशी तपासणी गावोगाव करण्यासाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील पालघर येथून सुरू झाला. त्याची पथके अंगणवाडीत वर्षातून दोन वेळा आणि शाळेत एक वेळ येतात, आणि जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करतात. पथक येण्याच्या दिवशी मूल मामाच्या गावी गेलेले असू नये, ही दक्षता क्षुल्लक वाटली तरी पुढच्या सर्व निकालांचे मूळ तिच्यात आहे. कारण उशिरा आलेले, वजन घटलेले आणि वारंवार न्यूमोनिया होऊन गेलेले मूल जेव्हा शस्त्रक्रियेच्या टेबलावर येते, तेव्हा त्याच्या धोक्याचा बराचसा भाग रुग्णालयाच्या दारात पाऊल टाकण्यापूर्वीच ठरून गेलेला असतो.

कोणत्या मुलांची टक्केवारी?

दोन कल्पित रुग्णालये घेऊ. ‘क’ रुग्णालयाने सोप्या प्रकारच्या ३०० शस्त्रक्रिया केल्या आणि त्यांत ६ मुले दगावली. अवघड प्रकारच्या २० केल्या आणि त्यांत ४ दगावली. ‘ख’ रुग्णालयाने सोप्या २०० केल्या, त्यांत २ मुले दगावली. अवघड २०० केल्या, त्यांत २० दगावली. सोप्या प्रकारात ‘क’चे मृत्यूचे प्रमाण शेकडा २ आणि ‘ख’चे १, अवघड प्रकारात ‘क’चे शेकडा २० आणि ‘ख’चे १०. दोन्ही प्रकारांत ‘ख’ दुप्पट सरस ठरते. परंतु सगळी बेरीज एकत्र केली, तर ‘क’कडे ३२० मुलांत १० मृत्यू, म्हणजे शेकडा ३ च्या किंचित वर, आणि ‘ख’कडे ४०० मुलांत २२ मृत्यू, म्हणजे शेकडा साडेपाच, असा हिशेब निघतो, आणि एकाच आकड्यावर विसंबणारा बाप आपले मूल ‘क’च्या हवाली करून मोकळा होतो. आपल्याच जिल्ह्यात नवजाच्या पावसावर पिकलेला भात आणि माणच्या कोरड्या रानात आलेली ज्वारी यांची पोती नुसती मोजून कोणता शेतकरी कसबी हे कोणी ठरवीत नाही. पाऊस, जमीन आणि पीक या तिहींचा विचार केल्यावाचून तो निवाडा होत नाही, हे शेतकऱ्याच्या घरात कोणाला शिकवावे लागत नाही.

हाच विचार शास्त्राच्या कसोटीवर उतरविण्याचा प्रयत्न गेल्या पाव शतकात झाला. बोस्टनच्या बालरुग्णालयातील कॅथी जेन्किन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली शस्त्रक्रियांची धोक्याच्या क्रमाने सहा वर्गांत वाटणी केली. कर्णिकांमधील छिद्र बंद करणे हे पहिल्या वर्गात आले. जवनिकांमधील छिद्र आणि फॅलोच्या दोषाची दुरुस्ती ही दुसऱ्या वर्गात. रोहिण्यांची अदलाबदल दुरुस्त करणे तिसऱ्या वर्गात. आणि डावी बाजू जवळजवळ तयारच न झालेल्या हृदयाची पहिली शस्त्रक्रिया सहाव्या वर्गात. ज्या नोंदींवरून ही वाटणी पडताळून पाहिली गेली त्यांत पहिल्या वर्गातील मृत्यूचे प्रमाण शेकडा ०.४ होते आणि सहाव्या वर्गातील ४७.७. त्यानंतर २००४ साली लाकूर-गाये यांच्या पुढाकाराने ‘अ‍ॅरिस्टॉटल’ नावाचा गुणांक पुढे आला. त्यात जिवास असलेला धोका, दुखणी उद्भवण्याचा संभव आणि कौशल्याची कठीणता या तिहींचा मेळ घालून प्रत्येक शस्त्रक्रियेस दीड ते पंधरा गुण दिले गेले. हे दोन्ही प्रयत्न मुख्यतः तज्ज्ञांच्या मतावर उभे होते. २००९ साली युरोप व अमेरिकेतील शल्यचिकित्सकांच्या संस्थांनी ७७,२९४ शस्त्रक्रियांच्या प्रत्यक्ष नोंदींवरून १४८ प्रकारांना धोक्याचे गुण दिले आणि त्यांचे पाच वर्ग पाडले. आज जगात अनेक ठिकाणी हे ‘स्टॅट’ वर्ग वापरले जातात.

या वर्गवारीचा उपयोग असा, की रुग्णालयाकडे आलेल्या मुलांच्या प्रकारांवरून तेथे किती मृत्यू अपेक्षित होते हे काढता येते आणि प्रत्यक्ष झालेल्या मृत्यूंशी त्याची तुलना करता येते. वरील उदाहरणात सोप्या प्रकारासाठी शेकडा १ आणि अवघड प्रकारासाठी शेकडा १० हे प्रमाण सर्वसाधारण धरले, तर ‘क’कडे ५ मृत्यू अपेक्षित असता १० झाले आणि ‘ख’कडे २२ अपेक्षित असता २२ च झाले. मात्र येथेही एक मर्यादा ध्यानात ठेवावी लागते : ही तुलना प्रत्येक रुग्णालयाची त्याच्या स्वतःच्या अपेक्षेशी असते. मुलांचे प्रकार भिन्न असलेल्या दोन रुग्णालयांची पहिला-दुसरा अशी क्रमवारी तिच्यावरून लावणे शास्त्रास मान्य नाही. शिवाय मुलाचे वजन, वय, त्याचा गुणसूत्रांचा काही दोष, शस्त्रक्रियेपूर्वी ते कृत्रिम श्वासावर होते काय, या गोष्टी हिशेबात धरल्या आहेत की नाहीत यावर अपेक्षेचा आकडा अवलंबून असतो. आणि उशिरा व कुपोषित अवस्थेत येणाऱ्या आपल्याकडील मुलांना परदेशी अपेक्षेचे माप जसेच्या तसे लावणे हा त्यांच्यावर शस्त्र चालविणाऱ्यावर अन्याय ठरू शकतो.

किती मुलांची टक्केवारी?

‘आमच्याकडे अशी वीस ऑपरेशने झाली आणि एकही मूल गेले नाही’ हे विधान खरे असूनही फारसे बोलके नसते. संख्याशास्त्रात एक सोपा ठोकताळा आहे : एकही मृत्यू झालेला नसेल, तर ३ या आकड्यास शस्त्रक्रियांच्या संख्येने भागावे, जे येईल तेथपर्यंत खरे प्रमाण असण्याचा संभव नाकारता येत नाही. वीस शस्त्रक्रियांत शून्य मृत्यू म्हणजे खरे प्रमाण शेकडा पंधरापर्यंत असू शकते. शंभरांत शून्य म्हणजे शेकडा तीनपर्यंत. तीनशेंत शून्य म्हणजे शेकडा एकपर्यंत. म्हणून एका वर्षाचा आकडा न घेता मागील तीन-चार वर्षांचा एकत्रित आकडा मागावा, आणि तो शक्यतो आपल्या मुलाच्या दोषापुरता मागावा.

एखाद्या निष्णात हाताचे यशही सतत सारखे राहतेच असे नाही, याचे उदाहरण लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयातील शल्यचिकित्सक मार्क द लव्हाल यांनी स्वतःच जगापुढे ठेवले. रोहिण्यांच्या अदलाबदलीच्या त्यांच्या १०४ शस्त्रक्रियांतील पहिल्या ५२ उत्तम पार पडल्या. त्यानंतर ५३ ते ६८ या क्रमांकांच्या दरम्यान अपयशांचा एक पुंजका आला. हा निव्वळ दैवाचा फेरा की कामात शिरलेली ढिलाई, हे ठरविण्यासाठी त्यांनी कारखान्यांत मालाची प्रत राखण्याकरिता वापरली जाणारी संख्याशास्त्रीय पद्धत आपल्याच नोंदींना लावली, निष्कर्ष आपल्याविरुद्ध गेला तो मान्य केला, ज्यांचे निकाल चांगले होते त्यांच्याकडे जाऊन पुन्हा शिक्षण घेतले, आणि १९९४ साली ही सर्व हकिकत छापून प्रसिद्ध केली. पुढील शस्त्रक्रियांचे निकाल पूर्वपदावर आले. ज्या विभागात असा चालू हिशेब ठेवला जातो तेथे एखादा वाईट कालखंड दोन-तीन वर्षांनी अहवालात उघडा पडण्याची वाट पाहावी लागत नाही, म्हणून ‘आपण असा हिशेब ठेवता काय’ हा प्रश्न पालकाच्या दृष्टीने मोलाचा आहे.

संख्येचा आणखी एक अर्थ आहे. अवघड शस्त्रक्रिया जेथे वारंवार होतात तेथे केवळ शल्यचिकित्सकाचाच नव्हे, तर भूलतज्ज्ञाचा, हृदय-फुप्फुस यंत्र चालविणाऱ्या तंत्रज्ञाचा आणि रात्रपाळीच्या परिचारिकेचाही हात बसलेला असतो. इंग्लंडने २०१५ साली ठरविलेल्या मानकांत प्रत्येक शल्यचिकित्सकाने वर्षास किमान १२५ शस्त्रक्रिया केल्या पाहिजेत असा दंडक घातला, तो याच कारणाने. आपल्याकडे हाच आकडा शब्दशः लावण्याचे कारण नाही. पण ज्या ठिकाणी बालहृदयाची शस्त्रक्रिया महिन्यातून एखादे वेळी बाहेरच्या पाहुण्या डॉक्टरांकडून होते, तेथे तान्ह्या बाळाची अवघड शस्त्रक्रिया करवून घेण्यापूर्वी दुसऱ्या केंद्राचे मत अवश्य घ्यावे.

कितव्या दिवसापर्यंत?

१९४४ साली २९ नोव्हेंबर रोजी बाल्टिमोर येथे शल्यचिकित्सक ब्लेलॉक यांनी, हेलन टॉसिग यांच्या कल्पनेवरून आणि व्हिव्हियन थॉमस यांनी प्रयोगशाळेत सिद्ध केलेल्या तंत्राने, एका निळ्या पडलेल्या बालिकेवर अशा प्रकारची पहिली शस्त्रक्रिया केली. ती बालिका घरी गेली. परंतु काही महिन्यांनी पुन्हा निळी पडली, आणि दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर दगावली. तिची नोंद घरी पाठविल्याच्या दिवशी मिटली असती तर ते यश, आणि पुढील वर्षी मिटली असती तर अपयश म्हणून लिहिले गेले असते. मात्र त्या तंत्राने पुढे असंख्य मुलांना जीवदान दिले, हेही तितकेच खरे आहे.

आज सर्वमान्य झालेली व्याख्या अशी : शस्त्रक्रियेनंतर मूल रुग्णालयातच असेल तर कितीही दिवसांनी झालेला मृत्यू, आणि घरी गेले असेल तर तीस दिवसांच्या आत कोठेही झालेला मृत्यू, हा शस्त्रक्रियेचा मृत्यू धरावा. या व्याख्येची कोयनेच्या खोऱ्यात खरी परीक्षा होते. मूल बाराव्या दिवशी मुंबईहून ढेबेवाडीस किंवा मोरगिरीस परतते. विसाव्या दिवशी त्याला ताप येतो, ते मरगळते, मुसळधार पावसात वेळेवर गाडी मिळत नाही, आणि जे घडू नये ते घडते. परंतु ही वार्ता रुग्णालयाच्या दफ्तरी कोणी कळवीत नाही आणि रुग्णालयाचा दूरध्वनी ज्या क्रमांकावर येतो तो मुंबईच्या भावाचा असतो. अशा मुलाची नोंद ‘सुखरूप घरी पाठविले’ अशीच राहते. म्हणून टक्केवारी विचारताना दुसरा प्रश्न लगेच जोडावा : शस्त्रक्रिया झालेल्या शंभर मुलांपैकी तीस दिवसांनंतरची बातमी आपणांस किती मुलांची असते, आणि एका वर्षानंतरची किती मुलांची?

प्रत्येक रुग्णाचा पुढे पाठपुरावा करून इलाज लागू पडला की नाही हे पाहावे, आणि नसेल तर कारण शोधावे, हा आग्रह बोस्टनचे शल्यचिकित्सक अर्नेस्ट कॉडमन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच धरला होता. आपल्या छोट्या रुग्णालयातून १९११ ते १९१६ या काळात गेलेल्या ३३७ रुग्णांचा अंतिम परिणाम त्यांनी छापला आणि त्यांत स्वतःच्या व इतरांच्या १२३ चुका नमूद केल्या. समव्यवसायी मंडळींची त्यांनी नाराजी ओढवून घेतली, पण वैद्यकातील हिशेबाची प्रथा ज्यांच्यापासून मोजतात त्यांत त्यांचे नाव अग्रभागी आहे.

जगलेले मूल कसे जगते?

मृत्यूचे प्रमाण खाली आले, की केवळ मृत्यू मोजून दोन केंद्रांतील फरक कळेनासा होतो. तेव्हा जगलेल्या मुलांकडे पाहावे लागते. अमेरिकेतील शल्यचिकित्सकांच्या नोंदणीत सहा गंभीर उपद्रव विशेषत्वाने मोजले जातात : मूत्रपिंड निकामी होऊन डायलिसिस लागणे; मेंदूस वा मज्जासंस्थेस इजा; ठोक्यांचा मार्ग तुटल्याने कायमचा पेसमेकर बसवावा लागणे; यंत्राच्या आधारावर रक्ताभिसरण चालू ठेवावे लागणे; श्वासपटलाच्या मज्जातंतूस इजा; आणि न ठरविता पुन्हा करावी लागलेली शस्त्रक्रिया. यांच्या जोडीला रक्तातील व जखमेतील जंतुसंसर्ग, कृत्रिम श्वासावर राहिलेले दिवस आणि अतिदक्षता विभागातील मुक्काम यांची नोंद चांगल्या केंद्राकडे असते. घरी सोडण्यापूर्वीच्या टूडी इकोत छिद्र पूर्ण बंद आहे काय, झडप गळते काय, हे लिहून घ्यावे. कारण आज सुखरूप दिसणाऱ्या मुलात राहून गेलेला दोष काही वर्षांनी पुन्हा शस्त्रक्रिया मागतो.

जंतुसंसर्गाची नोंद आपल्यासारख्या देशांत विशेष महत्त्वाची आहे. बोस्टनच्याच बालरुग्णालयाच्या पुढाकाराने विकसनशील देशांतील केंद्रांची एक परस्परसाहाय्याची योजना उभी राहिली. २०१० ते २०१२ या तीन वर्षांत १७ देशांतील २८ केंद्रांनी मिळून १५,०४९ शस्त्रक्रियांच्या नोंदी तीत दिल्या आणि त्या अवधीत मृत्यू व गंभीर जंतुसंसर्ग या दोहोंचे प्रमाण घटल्याचे आढळले. उपाय भपक्याचे नव्हते : हात धुण्याची शिस्त, शस्त्रक्रियेपूर्वीची पडताळणी-यादी, आणि परिचारिकेस शंका आल्यास तिने ती वरिष्ठांपुढे बोलून दाखविण्याची मुभा. भारतातील केंद्रेही या योजनेत सामील आहेत. आपण पाहत असलेले केंद्र अशा कोणत्या नोंदणीत आहे काय, हे विचारण्यास संकोच बाळगू नये.

हिशेब उघडा का असावा

इंग्लंडमधील ब्रिस्टल येथील रुग्णालयात तान्ह्या बाळांच्या हृदयशस्त्रक्रियांत मृत्यू अधिक होत आहेत, असे १९८८ साली तेथे रुजू झालेले भूलतज्ज्ञ स्टीफन बोल्सिन यांच्या लक्षात आले. त्यांनी स्वतः आकडे जमविले आणि वरिष्ठांकडे वारंवार कैफियत मांडली. तिची दखल वर्षानुवर्षे घेतली गेली नाही. पुढे इयन केनेडी यांच्या अध्यक्षतेखाली झालेल्या चौकशीचा अहवाल जुलै २००१ मध्ये आला, आणि १९९१ ते १९९५ या काळात एक वर्षाखालील मुलांच्या खुल्या हृदयशस्त्रक्रियांत, देशातील सर्वसाधारण केंद्राच्या मानाने तेथे ३० ते ३५ मुले अधिक दगावली, असा निष्कर्ष त्यात निघाला. तेथील डॉक्टर निष्काळजी किंवा दुष्ट होते असे अहवालाने म्हटले नाही. आपले आकडे इतरांच्या आकड्यांशेजारी ठेवून पाहण्याची आणि त्यावरून कोणी उत्तर मागण्याची व्यवस्थाच नव्हती, हे दुखण्याचे मूळ त्याने दाखविले. त्यानंतर ब्रिटनमध्ये केंद्रनिहाय निकाल नियमाने प्रसिद्ध होऊ लागले.

उघड्या हिशेबालाही एक पथ्य पाळावे लागते. मृत्यूचा आकडा खाली ठेवण्याच्या मोहाने अवघड मूल नाकारले जाण्याचा संभव असतो, आणि नाकारलेले किंवा प्रतीक्षायादीत वाट पाहता पाहता गेलेले मूल कोणत्याच रुग्णालयाच्या टक्केवारीत येत नाही. म्हणून ‘आपण गेल्या वर्षी किती मुलांना परत पाठविले आणि का’, ‘तारीख मिळेपर्यंत सरासरी किती दिवस लागतात’ हे प्रश्नही निकालाचेच प्रश्न होत.

पालकांनी काय विचारावे

शल्यचिकित्सकांच्या भेटीस जाताना पुढील प्रश्न कागदावर लिहून न्यावेत आणि उत्तरे तेथेच टिपून घ्यावीत.

१. माझ्या मुलाच्या दोषाचे संपूर्ण नाव काय, आणि शस्त्रक्रिया धोक्याच्या कोणत्या वर्गात मोडते?

२. हीच शस्त्रक्रिया, याच वयाच्या व वजनाच्या मुलांवर, मागील तीन वर्षांत येथे किती झाल्या? त्यांपैकी किती मुले तीस दिवसांनंतर हयात होती, आणि किती मुलांची बातमीच कळली नाही?

३. जगलेल्यांपैकी किती जणांना पेसमेकर, पुन्हा शस्त्रक्रिया, गंभीर जंतुसंसर्ग किंवा मेंदूस इजा यांना सामोरे जावे लागले?

४. शस्त्रक्रिया प्रत्यक्ष कोण करणार, आणि रात्री अतिदक्षता विभागात मुलांच्या हृदयविकारांचे जाणकार डॉक्टर हजर असतात काय?

५. थांबल्यास काय धोका, आणि किती दिवस थांबता येईल?

६. ही एकच शस्त्रक्रिया पुरेशी आहे, की पुढे आणखी लागतील?

उत्तर देताना जो डॉक्टर रागावत नाही, ‘एवढा आकडा मजजवळ आहे, एवढा नाही’ असे स्पष्ट सांगतो आणि धोक्याचा शब्द उच्चारण्यास कचरत नाही, त्याच्या विभागात हिशेब ठेवला जात असण्याचा संभव अधिक. ‘काही होत नाही, काळजी करू नका’ एवढ्यावर जेथे बोळवण होते तेथे दुसरे मत घेण्यास दिरंगाई करू नये. मात्र बाळ तान्हे, निळे पडणारे किंवा दूध पिताना धापा टाकणारे असेल, तर रुग्णालयांची पारख करीत आठवडे घालविणे हाच सर्वांत मोठा धोका होय. अशा बाळास प्रथम जवळच्या मोठ्या रुग्णालयात पोहोचवावे आणि चौकशी दूरध्वनीवरून करावी.

पैशाच्या बाबतीत एक खुलासा आवश्यक आहे. २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत ‘राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना’ म्हणून सुरू झालेली आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांचे नाव धारण करणारी जनआरोग्य योजना आता कुटुंबास वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण देते, आणि योजनेतील रुग्णालयांत ‘आरोग्यमित्र’ कागदपत्रांसाठी बसलेला असतो. रेशनकार्ड, आधार, जन्मदाखला आणि सर्व इको अहवालांच्या प्रती तयार ठेवाव्यात. कराडचे वेणूताई चव्हाण उपजिल्हा रुग्णालय किंवा साताऱ्याचे क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय येथून पुढे पाठविण्याची चिठ्ठी घेतल्यास वाट सुकर होते. खारघरच्या श्री सत्य साई संजीवनी केंद्रात मुलांच्या हृदयशस्त्रक्रिया विनामूल्य होतात. योजनेत बसते म्हणून निकाल विचारण्याचा हक्क कमी होत नाही. सार्वजनिक पैशाने होणाऱ्या कामाचा निकाल विचारणे तर अधिकच रास्त होय.

घरी आल्यावर आपले काम

निकालाचा अर्धा भाग रुग्णालयाच्या हाती असतो आणि उरलेला आपल्या हाती. रुग्णालय सोडण्यापूर्वी, जो फोन गावातील रेंजमध्ये लागतो असा क्रमांक, आणि दुसरा क्रमांक म्हणून आशाताईंचा किंवा शेजाऱ्याचा, त्यांच्या परवानगीने, नोंदवहीत लिहवून घ्यावा. पुढील तपासणीच्या तारखा पावसाळ्यात येत असतील तर पाटणच्या ग्रामीण रुग्णालयात वजन, श्वासाचा वेग आणि बोटावरील यंत्राने प्राणवायूचे प्रमाण मोजून ते आकडे मुंबई-पुण्यास कळविण्याची सोय आधीच ठरवावी. ताप, जखमेतून पू, दूध पिण्याचे प्रमाण घटणे, पिताना घाम येणे, श्वास जलद होणे, लघवी कमी होणे, चेहऱ्यावर सूज, अंग निळसर पडणे वा मूल मलूल होणे, यांपैकी काहीही दिसल्यास नेमलेल्या तारखेची वाट पाहू नये. औषधे स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. दात किडू देऊ नयेत. आणि कृत्रिम ठिगळ लावून दुरुस्ती झाली असल्यास सहा महिन्यांपर्यंत दाताच्या कोणत्याही उपचारापूर्वी दंतवैद्यास शस्त्रक्रियेची माहिती द्यावी.

मूल ठणठणीत झाले म्हणून पुढची तारीख चुकविणे हा सर्वांत सार्वत्रिक दोष आहे. आपले मूल तीस दिवसांनी, एका वर्षाने आणि पाच वर्षांनी कसे आहे हे रुग्णालयास कळविले नाही, तर त्याच्या यशाचीही नोंद होत नाही आणि अपयशाचीही; आणि नोंद नसेल तर उद्या तारळ्याच्या किंवा हेळवाकच्या दुसऱ्या एखाद्या पालकाने विचारलेल्या प्रश्नाला त्या रुग्णालयाकडे खरे उत्तर उरत नाही. प्रश्न विचारण्याचा अधिकार आणि बातमी कळविण्याचे कर्तव्य यांची सांगड आहे : पहिला बजावावयाचा असेल तर दुसरे पार पाडावे लागते, आणि शस्त्रक्रियेच्या दर्जाचे मोजमाप विश्वासार्ह होते ते ही दोन्ही कामे पालक व रुग्णालय मिळून करतात तेव्हाच.